कुंभात गोदावरीतले बॅक्टेरिया वाढले की घटले?



एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी प्रोजेक्टसाठी मी गंगेवरून पाण्याची एक बाटली भरून आणली होती. (नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडे गोदावरीला सगळे गंगाच म्हणतात. 'गंगेवर जाऊन येते' म्हणजे घाटावर जाऊन येते.) पाणी शंभर पट पातळ केलं, त्यातलं ०.१ मिलिलिटर न्यूट्रिअंट अगारच्या प्लेटवर पसरवलं आणि प्लेट रात्रभर ३७ अंशांना ठेवली. दुसऱ्या दिवशी ४२ कॉलनी आल्या. ४२ गुणिले १० गुणिले १००, म्हणजे ४२,०००. रिपोर्टमध्ये मी ऐटीत लिहिलं: 'गोदावरीच्या पाण्यात दर मिलिलिटरला ४२,००० बॅक्टेरिया आहेत.'

मॅडमनी ते वाक्य वाचलं आणि एवढंच विचारलं, "पाण्यात आहेत, की तुझ्या प्लेटवर, ३७ अंशांना, एका रात्रीत वाढू शकले तेवढे आहेत?"

मला उत्तर देता आलं नाही. नदीच्या पाण्यात दर मिलिलिटरला साधारण १० लाखांच्या आसपास पेशी असतात आणि त्यातल्या बहुतेक आपल्या नेहमीच्या माध्यमावर वाढतच नाहीत, हे मी पुस्तकात वाचलं होतं. परीक्षेत त्यावर टीपही लिहिली होती. पण स्वतःचा आकडा लिहिताना ते आठवलं नाही.

संशोधनाकडे वळणाऱ्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं असंच होणार आहे. म्हणून आज बॅक्टेरियाची मूलभूत माहिती एका खऱ्या पेपरच्या निमित्ताने बघू या. पेपर आपल्याच गोदावरीवरचा आहे आणि २०२७ चा कुंभमेळा समोर असताना तो वाचणं गरजेचंही आहे.

पेपर काय सांगतो?

२०१५ च्या नाशिकच्या कुंभमेळ्यात पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राशी (एनसीसीएस) संबंधित संशोधकांनी गोदावरीच्या पाच ठिकाणांवरच्या पाण्यातल्या बॅक्टेरियाचा वेगवेगळ्या वेळी अभ्यास केला. कुणाल जानी, डॉ. अविनाश शर्मा, डॉ. योगेश शौचे आणि सहकाऱ्यांचा हा पेपर २०१८ मध्ये 'मायक्रोबियल इकॉलॉजी' या जर्नलमध्ये आला. त्यातले मुख्य निष्कर्ष असे:

१. मेळ्याच्या काळात बॅक्टेरियाचा एकूण भार जवळजवळ १३० पट वाढला.
२. त्याच काळात बॅक्टेरियाची विविधता सुमारे ३७.५ टक्क्यांनी घटली.
३. फर्मिक्यूट्स या संघाचं प्रमाण ९४.६ टक्क्यांवर गेलं. प्रोटिओबॅक्टेरिया, अॅक्टिनोबॅक्टेरिया, बॅक्टेरॉयडेटीज आणि क्लोरोफ्लेक्सी यांचं प्रमाण घटलं.
४. रोगकारकतेशी आणि अँटिबायोटिकला दाद न देण्याशी संबंधित जीन वाढले.

पहिले दोन मुद्दे शेजारी ठेवून वाचा. भार वाढला आणि विविधता घटली. मग बॅक्टेरिया वाढले की घटले? बातमी वाचणारा माणूस इथे गोंधळतो, पण आपण गोंधळून चालणार नाही.

आधी उजळणी

बॅक्टेरिया म्हणजे केंद्रक नसलेली एक स्वतंत्र पेशी. डीएनए बहुतेक वेळा एका गोल साखळीत असतो, भोवती पेशीपटल आणि बाहेर पेशीभित्तिका. काहींची भित्तिका जाड असते, ते ग्रॅम पॉझिटिव्ह. काहींची पातळ असते आणि बाहेर आणखी एक पटल असतं, ते ग्रॅम निगेटिव्ह. नेहमीच्या ई. कोलायची लांबी सुमारे २ मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये असे ५०० ओळीने बसतील. पुनरुत्पादन साधं: एकाचे दोन, दोनाचे चार.

या दुपटीचा अंदाज डोक्यात पक्का करून घ्या. २ चा सातवा घात १२८. म्हणजे १३० पट वाढ होण्यासाठी फक्त सातच्या आसपास दुपटी लागतात. प्रयोगशाळेत भरपूर खाऊन ई. कोलाय २० मिनिटांत दुप्पट होतो, त्या हिशोबाने हे काम सव्वादोन-अडीच तासांचं. नदीत अन्न इतकं मुबलक नसतं, म्हणून वेग खूप कमी असतो. शिवाय वाढ म्हणजे फक्त नदीत झालेली पैदास नाही. माणसाच्या एक ग्रॅम विष्ठेत १०० अब्जांच्या घरात बॅक्टेरिया असतात. बाहेरून आलेल्यांचीही भर पडते. १३० पट हा आकडा पैदाशीचा की आवकेचा, हा वेगळा प्रश्न आहे. त्याकडे पुढे येऊच.

आता १६ एस. प्रत्येक बॅक्टेरियात प्रथिनं बनवणारे रायबोसोम असतात आणि त्यांच्या छोट्या भागात १६ एस नावाचा आरएनए असतो. त्याचा जीन साधारण १५०० अक्षरांचा. काही भाग सगळ्या बॅक्टेरियात जवळजवळ सारखे, काही भाग गटागटाने वेगळे. सारख्या भागावर प्रायमर बसवायचा आणि वेगळ्या भागावरून ओळख पटवायची. म्हणजे प्लेटवर न वाढणारे बॅक्टेरियाही ओळखता येतात. माझ्या ४२ कॉलनींच्या पलीकडचं जग दिसतं ते इथे.

नदीत ते करतात काय?

बॅक्टेरिया म्हटलं की आजार, ही सवय आधी सोडा. ब्रह्मगिरीहून निघालेली गोदावरी नाशिक ओलांडून पुढे जाते, तेव्हा तिच्यात पडलेलं निर्माल्य, अन्न, सांडपाणी यांचं विघटन मुख्यतः बॅक्टेरियाच करतात. ते मोठे रेणू तोडतात, कार्बन वापरतात आणि त्यासाठी पाण्यातला ऑक्सिजन घेतात. २५ अंशांच्या पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन दर लिटरमागे विरघळतो. आंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष किमान ५ मिलिग्रॅमचा आहे. म्हणजे हातात असतात फक्त ३. खाणं जास्त पडलं की हे ३ संपायला वेळ लागत नाही.

प्रथिनं तुटली की अमोनिया होतो, तो माशांना घातक. नायट्रोसोमोनाससारखे बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्रोस्पिरासारखे त्या नायट्राइटचं नायट्रेट. जिथे ऑक्सिजन नाही अशा गाळात दुसरे बॅक्टेरिया नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. ही साखळी आहे, एकट्याचं काम नाही. आणि यातले नायट्रोसोमोनास फार सावकाश वाढतात. दुप्पट व्हायला त्यांना काही तास, कधी एखादा दिवसही लागतो. खादाड बॅक्टेरियांनी ऑक्सिजन आधीच संपवला तर यांचं काम अडतं.

म्हणून विविधता हा फक्त कौतुकाचा शब्द नाही. विविधता घटणं म्हणजे यातल्या एखाद्या कामाला माणूस कमी पडण्याची शक्यता.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. सावकाश वाढणारे हे बॅक्टेरिया दगडांवर, गाळावर बुळबुळीत थर करून राहतात. नुसतं पाणी तपासलं तर ते पुरेसे दिसत नाहीत. गोदापात्रातलं काँक्रीट काढावं अशी मागणी नाशिकमध्ये अनेक वर्षं होते आहे. त्यामागे जिवंत झऱ्यांचा मुद्दा असतो, पण मायक्रोबायोलॉजीच्या नजरेने बघाल तर तळाला काय आहे यावर तिथे कोण राहणार हेही ठरतं.

टक्क्यांचं गणित

आता मुख्य प्रश्न. पिंपळगावच्या मार्केटचं उदाहरण घेऊ. समजा सकाळी बाजारात १०० क्रेट आहेत: १० टोमॅटोचे आणि ९० बाकी सगळ्या भाज्यांचे. दुपारी ट्रकच्या ट्रक आले आणि एकूण क्रेट झाले १३,०००. त्यात ९४.६ टक्के टोमॅटो.

टोमॅटोचे क्रेट किती? १२,२९८. बाकी भाज्यांचे? ७०२.

बाकी भाज्यांचा वाटा ९० टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आला. घटला, तोही प्रचंड. पण क्रेट ९० चे ७०२ झाले, म्हणजे जवळजवळ आठपट!

सकाळचे १० आणि ९० मी उदाहरणासाठी धरलेत, ते पेपरमधले नाहीत. १३० पट आणि ९४.६ टक्के हे दोन आकडे मात्र तिथलेच, आणि ते एकाच नमुन्याला लागू होतात असं मी इथे सोयीसाठी धरलंय. सांगायचं ते एवढंच: १६ एस सीक्वेन्सिंग आपल्याला वाटा देतं, संख्या देत नाही. 'प्रोटिओबॅक्टेरिया घटले' या वाक्याचा अर्थ 'त्यांचा वाटा घटला' असा आहे. ते मेले का, वाहून गेले का, की तिथेच राहून गर्दीत झाकले गेले, हे वाट्यावरून ठरत नाही. म्हणूनच या पेपरमध्ये संशोधकांनी सीक्वेन्सिंगच्या जोडीला क्यूपीसीआरने भारही मोजला. दोन्ही पद्धती एकत्र वापरल्या म्हणून आपल्याला हे गणित करता आलं. नुसते टक्के देणारे पेपर ढिगाने मिळतील, तिथे जास्त सावध राहा.

विविधतेचंही तसंच. त्या दुपारच्या बाजारातून डोळे मिटून २० क्रेट उचलले तर बहुतेक सगळे टोमॅटोच निघतील. कोथिंबीर बाजारात नाही असं त्यावरून म्हणता येईल का? दुर्मीळ गट दिसायचे तर जास्त खोल सीक्वेन्सिंग लागतं. विविधतेच्या निर्देशांकात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: किती प्रकार आहेत आणि ते किती समप्रमाणात आहेत. एकाच गटाची दाटी झाली की प्रकार तेवढेच असूनही निर्देशांक घसरू शकतो. पेपर वाचताना कोणता निर्देशांक वापरलाय ते बघायची सवय लावा.

आणखी एक खाच. भार मोजताना सहसा १६ एस जीनच्या प्रती मोजतात, पेशी नाही. बॅसिलस सबटिलिसच्या एका पेशीत या जीनच्या १० प्रती असतात, ई. कोलायमध्ये ७, तर नदी-तलावांतल्या कित्येक छोट्या बॅक्टेरियात एक किंवा दोनच. बॅसिलस हा फर्मिक्यूट्समधलाच. म्हणजे दहा प्रतींचा एक पाहुणा मोजणीत दहा स्थानिकांएवढा भरू शकतो. शिवाय मेलेल्या पेशींचा डीएनएही मोजला जातो. याने निष्कर्ष उलटत नाही, १३० पट हा फरक फार मोठा आहे. पण '१३० पट पेशी' आणि '१३० पट प्रती' यांतला फरक मुलाखतीत कुणी विचारला तर सांगता यायला हवा.

हे आले कुठून?

फर्मिक्यूट्स हा मोठा संघ आहे (२०२१ पासून त्याचं अधिकृत नाव बॅसिलोटा). यात आपल्या आतड्यातले क्लोस्ट्रिडियम आणि लॅक्टोबॅसिलस येतात, त्वचेवरचा स्टॅफिलोकॉकस येतो आणि मातीतला बॅसिलसही येतो.

इथे अडचण आहे. नाशिकचा कुंभ पावसाळ्यात येतो. २०१५ ची शाहीस्नानं ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये होती. पाऊस माती धुऊन नदीत आणतो, मातीत बॅसिलस असतो. मग वाढलेले फर्मिक्यूट्स माणसाचे की मातीचे? त्यात २०१५ हे राज्यात दुष्काळाचं वर्ष आणि शाहीस्नानासाठी गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं. म्हणजे प्रवाह नेहमीसारखा नाही.

म्हणून अशा अभ्यासात नुसतं 'आधी' आणि 'नंतर' पुरत नाही. वरच्या अंगाची आणि खालच्या अंगाची ठिकाणं लागतात, आणि स्रोत शोधायचं संख्याशास्त्र लागतं. या संशोधकांनी बेजियन मिश्रण मॉडेल वापरलं. कल्पना सोपी आहे: आतड्यातला समुदाय, त्वचेवरचा समुदाय, मातीतला समुदाय असे वेगवेगळे स्रोत घ्यायचे आणि कोणत्या प्रमाणात मिसळले तर हातातल्या नमुन्यासारखं मिश्रण तयार होईल ते काढायचं. उत्तर आलं की मोठी भर माणसांकडून आलेल्या बॅक्टेरियाची आहे.

तुमच्यासाठी एक प्रश्न. आतड्यात फर्मिक्यूट्सच्या बरोबरीने बॅक्टेरॉयडेटीजही भरपूर असतात. भर माणसाकडून आली असेल तर त्यांचा वाटा का घटला? मी असा विचार करते: आतड्यातले बॅक्टेरॉयडीस ऑक्सिजनमध्ये फार टिकत नाहीत आणि बीजाणूही करत नाहीत. क्लोस्ट्रिडियम, बॅसिलस बीजाणू करून तग धरतात. त्वचेवरून धुऊन निघणाऱ्यांत स्टॅफिलोकॉकसची भर वेगळीच. हा फक्त अंदाज आहे. तो तपासायला प्रयोग कसा मांडाल? वहीत अर्धं पान लिहून बघा. पीएचडीच्या मुलाखतीत याच धाटणीचे प्रश्न येतात.

जीन वाढले म्हणजे आजार वाढले का?

थेट तसं नाही. अँटिबायोटिकला दाद न देणारा जीन पाण्यात सापडणं वेगळं, तो जिवंत रोगकारक बॅक्टेरियात असणं वेगळं आणि माणूस आजारी पडणं आणखी वेगळं. मेटाजीनोमिक्समध्ये आपण सगळा डीएनए एकत्र वाचतो. जीन कुणाचा होता, ते सहज कळत नाही.

पण काळजीचं कारण खरं आहे. बॅक्टेरिया जीन फक्त मुलांना देत नाहीत, शेजाऱ्यालाही देतात. प्लाझ्मिड म्हणजे डीएनएची छोटी सुटी गोल साखळी. एक पेशी दुसरीला चिकटून तिची प्रत देऊ शकते, जात वेगळी असली तरी. पाहुणे बॅक्टेरिया नदीत टिकले नाहीत तरी जाण्याआधी जीन देऊन जाऊ शकतात. गोदावरी इथे थांबत नाही. पुढे निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वर आहे, २०२० मध्ये जाहीर झालेलं राज्यातलं पहिलं रामसर स्थळ. त्याच्या पुढे पैठणचं जायकवाडी.

दुतोंड्या मारुती आणि कोलिफॉर्म

पूर आला की नाशिककर विचारतो, 'दुतोंड्या मारुतीला पाणी कुठपर्यंत?' कमरेला, छातीला की डोक्यावर, यावरून पुराचा अंदाज येतो. सगळी नदी मोजावी लागत नाही.

पाण्याच्या तपासणीत हे काम फीकल कोलिफॉर्म करतात. प्रत्येक रोगजंतू शोधणं शक्य नाही, म्हणून आतड्यातून येणारा हा गट खूण म्हणून मोजतात. आंघोळीच्या पाण्यासाठी १०० मिलिलिटरमध्ये ५०० पर्यंत चांगलं, २,५०० ही कमाल मर्यादा.

आता गंमत बघा. कोलिफॉर्ममधला ई. कोलाय प्रोटिओबॅक्टेरियात मोडतो. मेळ्याच्या काळात प्रोटिओबॅक्टेरियाचा वाटा घटला. म्हणून ई. कोलाय घटला, पाणी आंघोळीसाठी सुधारलं, असं म्हणाल का? आतापर्यंत वाचलं असेल तर नाही म्हणाल. एक तर वाटा आणि संख्या वेगळ्या. दुसरं, प्रोटिओबॅक्टेरिया हा एवढा मोठा संघ आहे की ई. कोलायही त्यात आणि अमोनिया साफ करणारा नायट्रोसोमोनासही त्यातच. संघाच्या पातळीवर चांगलं-वाईट ठरवता येत नाही.

२०२७ मध्ये काही करायचं असेल तर

पुढच्या कुंभात बरेच जण पाणी गोळा करणार आहेत. तुम्हीही त्यात असाल तर माझ्याकडून एवढंच:

पहिलं, 'आधीचे' नमुने आत्तापासून घ्या. स्नानाच्या आदल्या दिवशी घेतलेला नमुना म्हणजे मूळ स्थिती नव्हे. निदान एक अख्खा पावसाळा हातात हवा.

दुसरं, 'नंतरचे' नमुने लांबपर्यंत घ्या. वाटा बदलला ही अर्धी गोष्ट, नदी पुन्हा पूर्वीसारखी किती दिवसांत झाली ही उरलेली अर्धी.

तिसरं, पाण्याबरोबर गाळ आणि दगडावरचा थर घ्या.

चौथं, वाट्याबरोबर संख्या मोजा. क्यूपीसीआर परवडत नसेल तर सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजा, साधी प्लेटही लावा. प्लेट खोटं बोलत नाही, आपण तिच्या तोंडी नको ते वाक्य घालतो.

पाचवं, त्या दिवशीचा पाऊस आणि धरणाचा विसर्ग वहीत लिहून ठेवा. नंतर आठवत नाही.

माझ्या त्या रिपोर्टमधलं वाक्य मी नंतर बदललं: 'घाटावरच्या या नमुन्यात, न्यूट्रिअंट अगारवर, ३७ अंशांना २४ तासांत, दर मिलिलिटरला ४२,००० कॉलनी तयार करणारे बॅक्टेरिया मिळाले.' वाक्य लांबलं, ऐट गेली. मॅडमनी खाली बरोबरची खूण केली आणि शेजारी लिहिलं, 'एकच बाटली?'

ते मात्र मला पीएचडीला आल्यावर नीट कळलं. आता मी एका ठिकाणाहून तीन बाटल्या भरते.